युद्धात सापडलेल्या देशाला शस्त्रे पुरवावीत का? वादविवाद स्पर्धेच्या तयारीसाठी मते हवी आहेत

शाहूपुरीची शिक्षिका

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आमच्या विद्यार्थ्यांना लवकरच एका वादविवाद स्पर्धेत 'आक्रमणाला तोंड देणाऱ्या देशाला लष्करी मदत करणे हे इतर देशांचे कर्तव्य आहे' या विषयावर बोलायचे आहे. साहजिकच युक्रेनचे उदाहरण सर्वांत आधी पुढे येते. मुलांनी मुख्य घटना गोळा केल्या आहेत: २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने केलेले आक्रमण, २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झालेला निषेधाचा ठराव आणि त्यावर तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत असलेला आपला भारत, एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेले सुमारे ६१ अब्ज डॉलरचे साहाय्य, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच अमेरिकेने काही दिवस थांबवलेली मदत.

अडचण पुढची आहे. विरोधी बाजूची मुले म्हणतात की शस्त्रे पुरवल्याने युद्ध लांबते आणि माणसे अधिक मरतात. समर्थक मुले म्हणतात की शस्त्रे दिली नाहीत तर दुबळा देश चिरडला जातो. यापुढे दोन्ही बाजूंकडे घोषणांखेरीज काही उरत नाही. एका विद्यार्थिनीने असा युक्तिवाद केला की २०१९ च्या महापुरात आपल्याकडे बोटी घेऊन आलेल्या जवानांना कुणी विचारले नाही की या मदतीमुळे पूर लांबेल का. मग युद्धातच हा प्रश्न का विचारायचा? मला तिचा युक्तिवाद आवडला, पण तो पुरेसा वाटला नाही. 'मदतीमुळे युद्ध लांबते' हे विधान तपासायचे कसे, आणि विरोधी बाजूचा सर्वांत प्रामाणिक व भक्कम मुद्दा कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

बावड्याचा वकील

मॅडम, विषयातील 'कर्तव्य' या दाव्यापासूनच मुलांना सुरुवात करू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २ च्या चौथ्या पोटकलमाने दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध ठरवला आहे आणि कलम ५१ ने स्वसंरक्षणाचा हक्क, एकट्याने किंवा इतरांसह, मान्य केला आहे. म्हणजे आक्रमण झालेल्या देशाने मागितल्यास त्याला साहाय्य करण्याचा अधिकार इतरांना आहे, मात्र तसे करण्याचे बंधन सनदेने त्यांच्यावर घातलेले नाही. १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएतकालीन अण्वस्त्रे सोडून दिली, तेव्हाही रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे मान्य केले, परंतु त्याच्यासाठी लढण्याचे वचन कुणीही दिले नाही. कायदेशीर कर्तव्य सिद्ध करणे समर्थक बाजूला जवळजवळ अशक्य आहे, त्यामुळे त्यांनी नैतिक कर्तव्यावर उभे राहावे.

नैतिक बाजूने त्यांच्या हातात दोन फार भक्कम उदाहरणे आहेत. पहिले स्पेनचे. १९३६ मध्ये तिथे यादवी पेटल्यावर युरोपातील देशांनी कुणालाही शस्त्रे न देण्याचा करार केला. जर्मनी आणि इटली त्यात सामील होते, तरी त्यांची विमाने आणि सैनिक बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूने लढत राहिले. कराराचे पालन झाले ते मुख्यतः ब्रिटनकडून, आणि त्याचा फटका बसला निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारला, ज्याला मग स्वतःचे सोने देऊन सोव्हिएत संघाकडून शस्त्रे घ्यावी लागली.

दुसरे उदाहरण बोस्नियाचे, आणि माझ्या मते ते अधिक अंगावर येणारे आहे. सुरक्षा परिषदेने २५ सप्टेंबर १९९१ च्या ठराव क्रमांक ७१३ अन्वये संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. कागदावर ती सर्वांना सारखी होती. प्रत्यक्षात जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचे रणगाडे, तोफा आणि दारूगोळ्याची कोठारे सर्ब बाजूच्या हाती आली होती, तर नव्याने स्वतंत्र झालेल्या बोस्नियाच्या सरकारकडे जवळजवळ काहीच नव्हते. बंदी न उठवता संयुक्त राष्ट्रांनी काही शहरे 'सुरक्षित क्षेत्रे' म्हणून घोषित केली. त्यांपैकी स्रेब्रेनित्सा जुलै १९९५ मध्ये पडले आणि सुमारे ८,००० पुरुष व मुलगे ठार मारले गेले. शस्त्रे न दिल्याने ते युद्ध आखूड झाले नाही. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेले ते युद्ध संपले, ते १९९५ च्या उत्तरार्धात क्रोएशियन व बोस्नियन फौजांची सरशी होऊन आणि नाटोचे हवाई हल्ले होऊन रणांगणावरचे पारडे बदलल्यानंतर.

म्हणून मुलांनी हे ठामपणे मांडावे की मदत न करणे म्हणजे बाजूला उभे राहणे नव्हे. ज्याच्याकडे आधीच शस्त्रे आहेत, त्याच्या पदरात पडणारा तो निर्णय असतो.

पन्हाळ्याची वाट

वकीलसाहेबांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण ती निवडून दिलेली आहेत. विरोधी बाजूच्या मुलांनी प्रथम त्या विद्यार्थिनीच्या पुराच्या युक्तिवादाला उत्तर द्यावे. पुरात बोट दिल्याने कुणाचा जीव जात नाही. तोफगोळा दिला की तो कुठेतरी पडतो, आणि तो कुठे पडावा हे देणारा ठरवत नाही. या फरकामुळेच इथे देणाऱ्याला प्रश्न विचारावे लागतात.

त्यानंतर त्यांनी मराठी माणसाला सर्वाधिक ठाऊक असलेला इतिहास समोर ठेवावा. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. फौज मिळाली, गादी परत मिळाली, पण तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागला आणि परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा अधिकार गेला. सोळा वर्षांत पेशवाई संपली. लष्करी मदत घेणारा राजा जेव्हा स्वतःच्या पायांवर उभा नसतो, तेव्हा मदतीची किंमत ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे जातो. आजच्या युक्रेनची स्थिती तशीच आहे असे मी म्हणत नाही, कारण तिथे लोकांनी स्वतः लढायचे ठरवले आहे. तरीही ३० एप्रिल २०२५ रोजी अमेरिका आणि युक्रेन यांच्यात खनिजसंपत्तीविषयी करार झाला, आणि त्याआधीच्याच महिन्यात मदत रोखून धरली गेली होती, हा क्रम विद्यार्थ्यांनी नजरेआड करू नये.

दुसरा मुद्दा शस्त्रांच्या आयुष्याचा. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्यावर अमेरिका, सौदी अरेबिया आणि इतरांनी त्या फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदांना मदत केली. ती मुख्यतः पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातून वाटली गेली. १९८६ पासून खांद्यावरून विमाने पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रे आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले, म्हणजे मदतीचा उद्देश सफल झाला. पण बंदुका आणि त्या चालवायला शिकवणाऱ्या छावण्या मागे राहिल्या, अफगाण माणूस पुढची अनेक वर्षे आपापसांतल्या युद्धात होरपळला, आणि काश्मीरमध्ये पुढे काय घडले हे इथे कुणाला सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या जिल्ह्यातील किती घरांनी त्याची किंमत मोजली आहे!

तिसरा मुद्दा असा की 'आक्रमणाला तोंड देणारा देश' कोण, हे शेवटी शस्त्रे देणाराच ठरवतो. अमेरिका इस्रायलला २०१६ च्या करारानुसार वर्षाला ३.८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर इस्रायलनेही स्वसंरक्षणाचाच आधार घेतला. गाझामध्ये त्या शस्त्रांनी जे झाले ते पाहून ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला शस्त्रे निर्यात करण्याच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० च्या आसपास परवाने स्थगित केले. म्हणजे एकदा दिलेली मदत कशासाठी वापरली जाते यावर लक्ष ठेवणे आणि प्रसंगी ती थांबवणे, हेही देणाऱ्याचे काम आहे. 'मदत करणे हे कर्तव्य आहे' असे सरसकट मान्य केले, तर थांबवण्याचा हा अधिकारच आपण काढून घेतो. विरोधी बाजूचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा मला हा वाटतो.

टाकळीचा तोफची

मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून सैनिक टाकळीत राहतो. कायदा आणि इतिहास यांवर दोघांनी चांगले लिहिले आहे. मी फक्त एवढे सांगतो की 'मदत दिली' आणि 'मदत पोहोचली' यांत फार अंतर असते, आणि युद्ध लांबण्याचे कारण बऱ्याचदा त्या अंतरात सापडते.

युक्रेनच्या तोफा मूळ सोव्हिएत बनावटीच्या, १५२ मिलिमीटरच्या. पाश्चात्त्य देशांच्या १५५ मिलिमीटरच्या. तीन मिलिमीटरचा हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु एकाचा गोळा दुसऱ्यात चालत नाही. त्यामुळे जुना साठा संपत आल्यावर तोफ, गोळे, चार्ज, फ्यूज, सुटे भाग, दुरुस्तीची वर्कशॉप आणि चालवणारी माणसे, सगळे नव्याने उभे करावे लागले. शिवाय निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या तोफा दिल्या. प्रत्येकीची देखभाल वेगळी. ठरावीक गोळे डागून झाले की बॅरल झिजते आणि ते बदलावे लागते. ज्याने कधी तोफांच्या बॅटरीवर (तुकडीत) काम केले आहे त्याला हे सारे युद्ध चालू असताना करणे म्हणजे काय, हे समजेल. गोळ्यांची भूक तर अशी की युद्धापूर्वी अमेरिकेचे महिन्याचे उत्पादन १५५ च्या सुमारे १४,००० गोळ्यांचे होते, आणि युक्रेनच्या आघाडीवर दिवसाला हजारोंच्या संख्येने गोळे डागले जात होते.

आता मदतीचा क्रम पाहा. जानेवारी २०२२ मध्ये, आक्रमण दारात उभे असताना, जर्मनीने ५,००० हेल्मेट देऊ केली. हायमार्स रॉकेट यंत्रणा जून २०२२ मध्ये पोहोचली. जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे देण्याचा निर्णय २५ जानेवारी २०२३ चा. लांब पल्ल्याची एटीएसीएमएस क्षेपणास्त्रे २०२३ च्या शरदात आली. एफ-१६ विमाने ऑगस्ट २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी आधी सांगितले गेले की हे दिल्यास रशिया भडकेल, महिनोन्महिने चर्चा झाली, आणि शेवटी तेच शस्त्र दिले गेले. या काळात रशियाने दक्षिण युक्रेनमधील झापोरिझ्झियाच्या मैदानात सुरुंगांचे पट्टे, खंदक आणि काँक्रीटचे अडथळे उभे केले. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनची चढाई त्यांवरच अडली. जी गोष्ट शत्रू विस्कळीत असताना दिली असती तर उपयोगी पडली असती, ती तो खंदकात बसल्यावर दिली गेली.

तेव्हा मॅडम, 'मदतीने युद्ध लांबते का' या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की हरू नये इतकीच, पण जिंकता येणार नाही इतकी मदत दिली तर युद्ध नक्की लांबते. माझ्या मते तो सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण त्यात देणाऱ्याला समाधान मिळते आणि लढणाऱ्याची पिढी संपते. देणाऱ्यांनी अण्वस्त्रांच्या भीतीने हात आखडला हे मला समजते. ती भीती पोकळ नव्हती. पण त्या भीतीचा हिशेब पहिल्या दिवशी मांडून मर्यादा ठरवायला हवी होती.

कारगिलच्या वेळी मी द्रास भागात होतो. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक यांनी 'आमच्याकडे जे आहे त्यानिशी आम्ही लढू' असे सांगितले होते. बाहेरून दारूगोळा तातडीने मिळवावा लागला, त्यात इस्रायलची मदत मोलाची ठरली. मदत मागणाऱ्या देशाच्या सैनिकाला मदत म्हणजे काय वाटते, हे मी त्यामुळे आतून जाणतो. त्याला भाषणे नको असतात. गोळे किती आणि कधी, एवढेच तो विचारतो.

शिरोली एमआयडीसी

सुभेदारसाहेबांच्या गोळ्यांच्या मुद्द्याला कारखानदाराच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो. १५५ चा गोळा आमच्या फाउंड्रीतील बिडाच्या कास्टिंगचा माल नाही. तो पोलादाचा, फोर्ज करून, नंतर मशिनिंग आणि उष्णताप्रक्रिया करून तयार होतो, आणि त्यात स्फोटक भरण्याचा कारखाना तर आणखी वेगळा. ऑर्डर आली म्हणून दुसऱ्या महिन्यात उत्पादन चौपट होत नाही. मशिन मागवा, माणसे शिकवा, तपासणी मंजूर करून घ्या, यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते, आणि एवढा पैसा घालण्यापूर्वी मालकाला पुढील पाच-सात वर्षांच्या खरेदीची खात्री हवी असते. शांततेच्या काळात ती खात्री कुणी दिली नव्हती.

विद्यार्थ्यांनी आणखी एक वस्तुस्थिती मांडावी. अब्जावधी डॉलरची मदत ऐकली की रोकड पाठवली असे वाटते. अमेरिकेच्या लष्करी मदतीतील मोठा भाग म्हणजे स्वतःच्या कोठारातील जुना साठा देणे आणि त्याच्या जागी नवा माल स्वतःच्याच कारखान्यांकडून घेणे. म्हणजे देणाऱ्याचाही त्यात व्यवहार असतो. यावरून मदत वाईट ठरत नाही, पण ती केवळ उपकार आहे असा आव कुणी आणू नये.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये भारतात तयार झालेले तोफगोळे युरोपीय ग्राहकांमार्फत युक्रेनला पोहोचल्याची बातमी आली होती. परराष्ट्र मंत्रालयाने ती साफ फेटाळली. शस्त्रनिर्यातीत अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र, म्हणजे माल शेवटी कोण वापरणार याची लेखी हमी, घेतले जाते, ते याचसाठी. भारताने संरक्षण सामग्रीचा निर्यातदार व्हायचे ठरवले आहे, तर हा वाद आता परक्यांचा राहिलेला नाही.

शाहूपुरीची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. सुभेदारसाहेब, आपला परिच्छेद मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवणार आहे. एक उपप्रश्न आहे. परीक्षकांनी 'मग भारत तटस्थ का राहिला, आणि तो राहिला ते योग्य होते का' असे विचारले, तर मुलांनी काय सांगावे? त्यांना आपल्या देशाची बाजू लपवायचीही नाही आणि आंधळेपणाने मांडायचीही नाही.

वळिवड्याची लेक

मॅडम, माझे माहेर वळिवड्याचे. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या गावाजवळ पोलंडच्या सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. महावीर उद्यानातील त्यांचे स्मारक आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असेल. ते लोक इथे का आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे.

मार्च १९३९ मध्ये ब्रिटनने पोलंडच्या स्वातंत्र्याची हमी दिली. फ्रान्सशी तर जुनाच करार होता. १ सप्टेंबरला जर्मनी घुसला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौज आली. ब्रिटन आणि फ्रान्सने ३ सप्टेंबरला जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले खरे, पण पोलंड लढत होता त्या आठवड्यांत त्याच्यापर्यंत उपयोगी पडेल अशी मदत पोहोचली नाही. १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे गुरांच्या डब्यांतून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि त्यांतली काही माणसे इराणमार्गे आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन पोहोचली. त्यांचा तो पूर्व पोलंड, ल्विव्ह शहरासकट, आज बराचसा युक्रेनमध्ये आहे. २०२२ मध्ये पोलंडने युक्रेनला दोनशेहून अधिक टी-७२ रणगाडे दिले आणि लाखो निर्वासितांना घरात घेतले, त्यामागे ही आठवण आहे.

भारताच्या तटस्थतेबद्दल माझे मत असे. आपले रणगाडे, सुखोई विमाने आणि त्यांचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर रशियाकडून येतात आणि उत्तर सीमेवर चीन उभा आहे, म्हणून आपण रशियाविरुद्ध शस्त्रे देणे शक्य नव्हते, हे मी मान्य करते. त्या पहिल्या आठवड्यांत युक्रेनमध्ये शिकणारी आपली हजारो मुलेही अडकली होती, त्यांत आपल्या जिल्ह्यातील मुले होती आणि घराघरांत रात्रंदिवस फोनकडे डोळे लागले होते. ऑपरेशन गंगामधून सुमारे २२,५०० नागरिक परत आणले गेले. हावेरीचा एक विद्यार्थी खार्किव्हमध्ये मारला गेला. अशा वेळी सरकारने तोल सांभाळला, हे समजण्यासारखे आहे. पण शस्त्रे न देणे वेगळे आणि आक्रमणाला आक्रमण न म्हणणे वेगळे. पहिल्याचे समर्थन मी करीन, दुसऱ्याचे करवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना हा काळ युद्धाचा नाही असे समोरासमोर सांगितले, ते मला योग्य वाटले आणि ते आमसभेतल्या मतातही दिसायला हवे होते.

बावड्याचा वकील

ताईंशी मी सहमत आहे. 'पन्हाळ्याची वाट' यांना मात्र एक प्रश्न विचारतो. १९७१ मध्ये आपण बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले, एक कोटीच्या आसपास निर्वासितांना सांभाळले, डिसेंबरात तेरा दिवसांचे युद्ध लढलो आणि मार्च १९७२ मध्ये आपल्या फौजा ढाक्यातून परत आल्या. ही मदत चुकीची होती, असे आपण म्हणाल का?

पन्हाळ्याची वाट

नाही, म्हणणार नाही. पण ती योग्य का ठरली ते पाहा. निर्वासितांचा भार आपल्यावर पडला होता, धोका आपण स्वतः पत्करला, आपले जवान धारातीर्थी पडले, उद्देश मर्यादित होता आणि तो साधल्यावर आपण निघून आलो. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली तेव्हा यांपैकी उद्देशच स्पष्ट नव्हता. ज्या तमिळ गटांना आपण आधी मदत केली होती त्यांच्यातल्याच एकाशी आपली सेना लढली आणि १९९० मध्ये परतेपर्यंत सुमारे १,२०० जवान गमावले. देश तोच, दोन्ही वेळा हेतू चांगला. म्हणून समर्थक बाजूच्या मुलांना मी एकच गोष्ट विचारीन, आणि तिचे उत्तर त्यांनी तयार ठेवावे: युक्रेनला मदत करणाऱ्या देशांनी ही मदत कोणत्या टप्प्यावर पुरी झाली असे मानायचे, आणि ते ठरवताना कीवचे (युक्रेन सरकारचे) मत अंतिम धरायचे की वॉशिंग्टन आणि ब्रुसेल्सचे (अमेरिका आणि युरोपचे)?

टाकळीचा तोफची

कीवचे. मरणारी माणसे त्यांची आहेत. देणाऱ्याने आपण काय देऊ आणि काय देणार नाही हे आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे लढायचे किती आणि तह कधी करायचा याचा निर्णय घेताना त्यांना खरा आकडा हाती असेल.